आत्याबाई पारड्यात अन् माईक माझ्या तोंडापुढं

माईक माझ्या तोंडापुढं आला तवा आत्याबाई जमिनीपासनं हातभर वर लोंबकळत हुत्या. पारड्यात. दोन्ही हातांनी साखळ्या धरून, नवं हिरवं लुगडं, गळ्यात झेंडूचा हार, कपाळ हळदीनं पिवळं. पलीकडच्या पारड्यात गुळाच्या ढेपा. भवतीनं समदी जत्रा. अन् आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, वरनं मला इचारत्यात, "सांग गं देवीला, व्हय का न्हाई?"

गुरविनीनं तो माईक माझ्या तोंडात कोंबायचाच काय तो बाकी ठेवला हुता.

माझं पाय आसं थरथरायला लागलं की पैंजनं वाजाया लागली, अन् ती माईकमदनं साऱ्या गावाला ऐकू गेली. पाच वरसाची पोरगी माझा पदर धरून हुबी हुती. ती म्हनली, "आई, तू नाचतीस?"

व्हय म्हनलं तर माझं अकरावीचं कॉलेज बुडलं, कायमचं. न्हाई म्हनलं तर सासूबाई हवेत, अन् साऱ्या गावापुढं.

थांबा. हे कुटनं सुरू झालं ते आदी सांगते, न्हाईतर तुमी म्हनाल ही बाई येडी हाय.

मी भित्री हाय. कुत्र्याला भिते, म्हशीला भिते, फोन वाजला की भिते, कारन कोन तरी मेलंच आसंल आसं वाटतं. कुकरची शिट्टी झाली की मी ओट्यापासनं थेट अंगनात. समद्यात जास्त आत्याबाईंना भिते. त्यांनी कदी हात उचलला न्हाई, शिवी दिली न्हाई. नुसतं नाव न घेता "अगं" म्हनल्या तरी माझ्या हातातलं भांडं पडतं. दहावीला माझं गणित गेलं अन् दुसऱ्यांदा बसायच्या आदी लगीन झालं. त्यामुळं दहावी नापास हीच माझी डिग्री.

आमचं घर कासारसाईच्या धरनापासनं जवळ. हिंजवडी हाकेवर, म्हनून वर तीन खोल्या काढल्यात भाड्यानं द्यायला. त्यातल्या एका खोलीत एक ताई ऱ्हाती, विदर्भाकडची, कंपुटरच्या कंपनीत हाय. वयानं माझ्यायेवढीच, पन तिला कशाचीच भीती न्हाई. गेल्या वरसी पाडव्याला मी तिला श्रीखंड द्यायला गेले, तर तिच्या कपाटावर कागद चिकटवलेला. वरसभरात काय काय करायचं त्याची यादी.

"तुम्हीपण लिहा ना वहिनी," ती म्हनली. "पाचच लिहा. आणि कुणाला तरी मोठ्यानं बोलून दाखवा. म्हणजे मग मागे फिरता येत नाही."

मी लाईटबिलाच्या पाठीवर लिवलं. स्कुटी शिकायची. दहावीचं गणित काढायचं. कुकरला पळायचं न्हाई. पोरीला आठवडाभर न वरडता शाळेत धाडायचं. अन् पाचवं, आत्याबाईंना एकदा तरी तोंडावर न्हाई म्हनायचं.

आता हे मोठ्यानं सांगायचं कुनाला? आमच्या ह्यांना सांगितलं आसतं तर ते जेवता जेवता हसून ठसका लागून मेलं आसतं. म्हनून मी दुपारी देवळात गेले. देवीला सांगितलं म्हंजी कुनाला तरी सांगितलंच की. देऊळ मोकळं हुतं. मी हात जोडून चार गोष्टी खनखनीत बोलले. पाचवी मातर हळू बोलले, कारन आत्याबाई रोज सकाळी देवळात जात्यात, देवी तशी त्यांच्याच बाजूची.

खांबामागं गुरवीन समया घासत बसली हुती.

आता आमच्याकडची रीत तुमाला सांगितली पायजे. देवीपुढं तोंडानं जे बोललं तो नवस. तू सहज बोललीस का, यादी वाचलीस का, कायबी चालत न्हाई. बोललं की नवस. अन् नवस म्हंजी देवीनं दिलं की तुमी काय देनार ते आदीच सांगायचं. मी घरी पोचायच्या आदी बातमी पोचली हुती.

"पाच?" आत्याबाई दारातच हुब्या. "पाच बोललीस? आगं एक नवस फेडता फेडता मानसं म्हातारी व्हत्यात!"

"आत्याबाई, मी आपलं..."

"फेडायला काय बोललीस?"

काहीच बोलले नव्हते. पन काहीच न्हाई म्हनलं तर देवीकडं फुकटात पाच गोष्टी मागितल्या आसं झालं आसतं. मी स्वयपाकघरात शिरले. समोर चहाचा गूळ, त्यात इळी रुतलेली. माझ्या तोंडातनं निघालं, "गुळाची तुला."

"कुनाची?"

समोर त्याच हुत्या हो. दुसरं कोन नव्हतंच. मी म्हनले, "तुमची."

आमच्यात तुला करत्यात ती नवसानं झालेल्या पोराची. न्हाईतर एकदा गावच्या पुढाऱ्याची झालती. सासूची तुला कुनी ऐकलेली न्हाई. आत्याबाईंनी पदर सारखा केला, गुळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"माझी?" त्या म्हनाल्या. "चल, कायतरीच तुझं." अन् मग जाता जाता, "लोकं काय म्हनतील."

लोकांनी काय म्हनायचं ते दुसऱ्या दिवशी त्यांनीच घरोघर जाऊन सांगितलं.

रातच्याला जेवताना आमच्या ह्यांनी त्यांच्या आईला डोक्यापासनं पायापत्तर एकदा बघितलं. मग हळूच मला म्हनलं, "पोरीची बोलली आसतीस तर पंदरा किलोत भागलं आसतं."

दुसऱ्या दिवसापासनं ते आत्याबाईंना म्हनाया लागले, "आई, सकाळचं धरनावर फिरून येत जा की. डॉक्टरबी म्हनत्यात."

"देवीचा गूळ चोरतोस व्हय रं?" आत्याबाई म्हनाल्या अन् त्यांनी अजून एक भाकरी घेतली.

तुला व्हायची तर माझ्या पाची गोष्टी व्हायला पायजेत, हे त्यांच्या ध्यानात आलं अन् तितनं माझे हाल सुरू झाले. जी बाई मला दळन आनायला एकटी धाडत नव्हती ती माझ्या मागं लागली. सुरवात कुकरपासनं. भात चढवला की त्या माझ्या मागं हुब्या, माझे दोन्ही दंड घट्ट धरून.

"हालायचं न्हाई. शिट्टी काय खाती व्हय तुला?"

"आत्याबाई, सोडा, व्हतीया आता, व्हतीया!"

"हुबी ऱ्हा म्हनते ना!"

शिट्टी झाली. मी जागची हालले न्हाई, कारन हालताच येत न्हवतं. मागं बघते तर आत्याबाईंनी डोळे मिटलेले अन् दात ओठात रुतलेले. तवा मला पैल्यांदा कळलं, त्याबी भित्यात. पन हे मी त्यांना आजून बोलून दावलेलं न्हाई. पंदरा दिवसांनी मी एकटी हुबी ऱ्हायला लागले, अन् आत्याबाई शिट्टीच्या आदी काहीतरी काम काढून घरामागच्या परड्यात जायला लागल्या.

स्कुटी वरच्या ताईची; ती कंपनीच्या बसनं जाती, गाडी दिसभर दारातच. भात झोडून खळं मोकळं पडलेलं, तितं शिकायचं ठरलं. ताई म्हनली, "वहिनी, मी मागे बसते." आत्याबाई म्हनाल्या, "तू सर. नवस माझ्या घरचा हाय." अन् काष्टा आवळून बसल्या मागं. मला मूठ पिळायची म्हायती हुती, सोडायची न्हाई. खळ्याला आमी तीन येढे घातले. आत्याबाई पैल्या येढ्याला देवीचं नाव घेत हुत्या, दुसऱ्याला माझ्या आईचं, तिसऱ्याला कुनाचंच न्हाई. मग पेंढ्याची गंज आली. आमी दोगी तिच्यात कमरेपत्तर. स्कुटीचं चाक वर फिरतंय, अन् आतनं आवाज आला, "उद्या ह्या टायमालाच यायचं."

जूनात शाळा उघडली तशी मी पोरीला सोडाया लागले. पावसाळ्याच्या तोंडाला लायसनबी आलं.

गणिताची फेरपरीक्षा जुलैत हुती. ताईनं फॉर्म भरून दिला अन् रविवारी शिकवायची. पन क्षेत्रफळ काय केल्या डोक्यात शिरंना. एका दुपारी मी पुस्तक पुढं घेऊन रडत बसले. आत्याबाई तांदूळ निवडत हुत्या. त्यांना सहीबी येत न्हाई, आंगठा.

"काय झालं गं?"

"त्रिकोण हाय आत्याबाई. किती जागा व्हती ते काढायचंय."

त्यांनी सूप खाली ठिवलं. "वढ्याकडचा आपला तिकोनी तुकडा आठवतोय का? बिल्डरला दिला तो? त्याचा मोजनीवाला मला फसवाया बघत हुता. लांबी गुनिले रुंदी करून अख्खा चौकोन धर, अन् निम्मा कर. तिकोनी म्हंजी निम्मा. मी त्याला तितंच धरला." मग बोटानं तांदळात रेघा मारून दावल्या. मी तो त्रिकोण परीक्षेत तसाच काढला, मनातल्या मनात कडंला वढा काढून. गणित सुटलं. काठावर, पन सुटलं. निकाल ताईनं मोबाईलवर बघितला. आत्याबाईंनी गावभर सांगितलं, "आमचं गणित निघालं."

पोरीला न वरडता आठवडाभर शाळेत धाडायचं, ते मातर मी नवव्या खेपंला केलं. दर येळंला शुक्रवारी पोरगी एकच मोजा घालून पळायची. शेवटाला मी एका मोज्यावर धाडलं. वरडले न्हाई. झालं.

ऱ्हायलं पाचवं. ते गुरविनीला ऐकू गेलं नव्हतं, अन् हळू बोललेला नवस फिटंस्तवर इचारायचा नसतो, म्हनून आत्याबाईंनीबी इचारलं नव्हतं.

तुमाला वाटंल, न्हाई म्हनायला काय लागतं? मलाबी तसंच वाटलं हुतं. पन आत्याबाई आसं इचारतच न्हाईत की न्हाई म्हनता यावं. "पानी तापवलंस ना?" "व्हय." "मावशीकडं लगनाला तूच जाशील?" "व्हय." एकदा भाजी वाढता वाढता म्हनाल्या, "आजून घे." मी सारं बळ एकवटून "नको" म्हनले. ताईला सांगितलं तर ती म्हनली, "वहिनी, भाजीचं नको धरत नाहीत." एकदा मी फोनवर म्हनले, पन तवर त्यांनी फोन ठिवला हुता.

अन् ह्या भानगडीत माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं. गणित सुटलं तर अकरावी का न्हाई? कॉलेज स्कुटीवर पंदरा मिन्टं. सकाळचं भरतं. येत्या जूनला फॉर्म भरायचा. पोरगी शाळेतनं साडेदहाला सुटती, माझं कॉलेज साडेबाराला. मधल्या येळात पोरगी बघनार कोन? आत्याबाईच. दुसरं मानूसच न्हाई घरात. ह्यांना इचारलं तर ह्यांनी कूस बदलली. "आईला इचार."

मी इचारलं न्हाई. माझी छाती झाली न्हाई. पन पुस्तकं बघून त्यांना वास आला आसावा, कारन त्या येता जाता म्हनायला लागल्या, "नवसापुरतं शिकलीस, झालं. बाईला किती लागतं."

चैत्रात जत्रा आली. जत्रेच्या आठ दिवस आदी आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"गूळ सांगायचा हाय. पाची झाली का गं तुझी?"

आता बघा माझी गत. पाचवं झालं नव्हतं. खरं उत्तर हुतं, न्हाई. अन् ते येक उत्तर दिलं आसतं तर तितल्या तितं पाचवंबी झालं आसतं! हे मला कळायला दोन दिवस लागले. त्या टायमाला मी काय म्हनले?

"व्हय."

म्हंजी मी देवीशीच खोटं बोलले. आठ दिवस मला झोप न्हाई. भाकरी करपत हुत्या. आत्याबाईंना वाटलं, तुलेच्या आनंदानं मला सुधरंना झालंय.

जत्रेच्या दिवशी देवळाच्या मंडपात लोखंडी गर्डरला वखारीतली मोठी तागडी टांगली. आत्याबाई पारड्यात बसल्या तवा साखळ्या आसं काय कुरकुरल्या की ह्यांनी डोळं मिटलं. एक एक ढेप पडत गेली. बाया मोजत हुत्या. आत्याबाईंचं पारडं उठलं, त्या हातभर वर आल्या, समदी टाळ्या वाजवाया लागली. अन् गुरविनीनं कौतिकानं माईक त्यांच्यापुढं धरला, की बोला आता दोन शब्द.

आत्याबाई कदी माईकवर बोलल्या नव्हत्या. पन आसं बोलल्या की जनू निवडनुकीला हुब्या हायेत.

"आई, माझ्या सुनंची पाची कामं तू पुरी केलीस. स्कुटी दिलीस, गणित दिलंस. आता बास. आता ही शिकायचं डोक्यातनं काढंल अन् घरात ऱ्हाईल. पोरीला बघंल, मला बघंल. आसं तुझ्यापुढं सांगती ती." अन् मग माझ्याकडं वळून, "सांग गं देवीला, व्हय का न्हाई?"

तर हे हितं मी हुते. माईक तोंडापुढं, पैंजनं वाजत्यात, पोरगी इचारती नाचतीस का.

मी देवीकडं बघितलं न्हाई. ह्यांच्याकडं बघितलं, तर हे शेवटची ढेप छातीशी धरून हुबे. ताई पार मागं, टाचा उंच करून. मी तोंड उघडलं. आतनं व्हयच येनार हुतं बघा, सवयीनं 'व' आलाबी हुता ओठावर. अन् मग कसं काय कुनास ठाऊक.

"न्हाई."

आमच्या जत्रेतला माईक साधा न्हाई. त्याला मागं घुमनारं यंत्र लावलंय. न्हाई, न्हाई, न्हाई, न्हाई करत ते माझं न्हाई धरनापत्तर गेलं अन् डोंगराला लागून माघारी आलं.

ह्यांच्या हातातनं ढेप सुटली. पडली ती नेमकी पारड्यात. गुळाचं पारडं दनकन फरशीला अन् आत्याबाई सर्रकन वर, मानसाच्या डोक्यायेवढ्या.

"खाली घ्या मला!"

ह्यांनी ढेप उचलायला हात घातला तशी गुरवीन वरडली, "हात लावू नगा! पारड्यात पडला तो गूळ देवीचा झाला. आरती हुईस्तवर उचलायचा न्हाई!"

"आगं पन म्हातारी वर हाय!" हे म्हनले.

"आसू द्या. आरती लगेच घेऊ."

आता आमच्याकडं आरती एक नसती. पाच-सहा ओळीनं व्हत्यात अन् जत्रंला तर लोकं आजूनच लांबवत्यात. समद्या आरत्या झाल्या. आत्याबाई वर. एका हातानं साखळी धरलेली, दुसऱ्यानं मांडीवर टाळी वाजवत हुत्या, कारन आरतीला टाळी चुकवायची न्हाई. पन डोळं माझ्यावर. आरती देवीची चालली हुती अन् बघत हुत्या मला. मी मान वर करंना. पोरगी मातर खालनं हात हालवत हुती, "आज्जी, मला पन यायचंय!"

मग ढेपा एक एक काढल्या अन् आत्याबाई हळूहळू खाली आल्या. वाईट म्हंजी त्या हळूहळू आल्या. पैलं पाय, मग लुगडं, मग हार, मग त्यांचं तोंड माझ्या तोंडापुढं.

"पाचवं काय हुतं तुझं?" त्यांनी इचारलं. माईक चालूच हुता.

"तुमाला न्हाई म्हनायचं," मी म्हनले. आता काय भ्यायचं ऱ्हायलं हुतं?

बाया पदरात तोंड घालून हसाया लागल्या. गुरवीन हसली. आत्याबाई हसल्या न्हाईत. त्यांनी हार काढला, पोरीच्या गळ्यात घातला अन् चालत घरी गेल्या. स्कुटीवर बसल्या न्हाईत.

त्या दिवसापासनं आत्याबाई माझ्याशी बोलत न्हाईत. पोरीमारफत बोलत्यात. "सांग तुझ्या आईला, मीठ कमी हाय." "सांग तुझ्या आईला, दूध उतू चाललंय." मी समोरच आसते, दूधबी समोरच आसतं. मी म्हनते, "सांग तुझ्या आज्जीला, बघितलं." पोरीला लई मज्जा येती, ती दोनीकडनं दोन दोन शब्द वाढवून सांगती.

काल मी अकरावीचा फॉर्म आनला. लपवला न्हाई, ओट्यावरच ठिवला, चहाच्या डब्याला टेकवून. आत्याबाईंनी तो बघितला. वाचता येत न्हाई, पन त्यांना कळलं. त्यांनी कोथिंबिरीची अख्खी जुडी निवडली. मग पोरीला जवळ वढून म्हनाल्या,

"सांग तुझ्या आईला, मी काय दिसभर तुला सांभाळायची न्हाई. बारा वाजल्याच्या पुढं तर आजिबात न्हाई."

पोरीनं मला सांगितलं. मी ऐकलंच हुतं. बाराच्या पुढं न्हाई. म्हंजी बारापत्तर व्हय! माझ्या हातातलं भांडं पडलं, पन ह्या येळंला भीतीनं न्हाई.

पन कॉलेज सुटतं साडेबाराला. अन् तितनं घर पंदरा मिन्टं.

कालधरनं मी त्या मधल्या पाऊन तासाचा इचार करतीया. गप बसावं तर कॉलेजात रोज शेवटचा तास बुडतोय, अन् शेवटचा तास गणिताचा. पुढं होऊन बोलावं, आत्याबाई, बाराचं पाऊन करा, तर त्या मिळालेलं बाराबी माघारी घेतील का काय. फॉर्म हितं माझ्या पुढं हाय, सही तेवढी बाकी हाय, अन् त्या तितं माझ्याकडं पाठ करून बसल्यात, कान मातर हिकडं.

तुमी तरी सांगा. देवीपुढं, माईकवर, तुमी न्हाई म्हनला आसता का? अन् म्हनला आसता, तर ह्या पाऊन तासासाठी तुमी आत्ता उठून त्यांच्या म्होरं जाऊन बसला आसता, का शेवटच्या तासावर पानी सोडलं आसतं?